डिझेलची टाकी आणि सातवीचा वर्ग

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय ऐकून हसू नका. डिझेलची टाकी!

धाकट्या भावाचा मुलगा जुनी एमएम ५४० जीप घेऊन आठ महिने तिच्यामागे लागलाय. डोंगरात, ओढ्यातून चालवायची म्हणून. मूळची टाकी गंजून चाळण झाली होती. तिलाच ठिगळ लावू, असं वेल्डर म्हणाला तेव्हा मी मध्ये पडलो. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ठिणगीने ती पेटते. "काका, म्हणून तर नवी करतोय. तुम्ही मापं तेवढी काढून द्या."

मी बी.ए.वाला, पण शाळेने गणितही गळ्यात बांधलं होतं. ७० × ३५ × २५ म्हणजे ६१,२५० घनसेंमी, ६१ लिटर झाले. पाच मिनिटांत आकडा देऊन मी चहा मागवला.

त्याने त्या मापाची पुठ्ठ्याची पेटी करून जीपखाली धरली. प्रोपेलर शाफ्ट आड आला. तो खालीवर हलतो, त्याला जागा हवी. लांबीभर १० × १० ची पट्टी कापली, ७ लिटर गेले. डिझेल तापून फुगतं, म्हणून वरची थोडी जागा मोकळी. उरले ५० लिटर. त्याचं वजनच ४० किलोच्या वर, तेव्हा पट्टेही दणकट हवेत.

मग त्याने तेलाचा चौकोनी डबा आडवा ठेवून वरची बाजू कापली, तळाला थोडं पाणी घातलं आणि एका टोकाखाली विटा सारल्या. पाणी सगळं एका बाजूला! मी कागद ओढला. साधी पेटी धरली तरी ३० अंशांच्या चढावर १२ लिटर उरले, तर टाकीचा निम्मा तळ कोरडा. ओढणारी नळी तिथे असेल तर ती हवाच ओढणार आणि चढावर इंजिन बंद. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तो तळाला वाटीसारखा खड्डा करून नळी त्यात सोडणार होता. शिवाय डिझेल हिंदकळू नये म्हणून आत भोकं पाडलेले आडवे पत्रे.

आता खरं सांगायचं ते. हाच मुलगा सातवीत माझ्या वर्गात होता. घनफळाचं गणित चुकलं म्हणून मी त्याला भर वर्गात 'दगड' म्हणालो होतो.

काल तयार टाकीत सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी लावत होतो. न राहवून विषय काढला.

"आठवतंय ना," तो हसत म्हणाला. "त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही, काका."

मला काही बोलायला सुचेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या शिवणीवर बुडबुडे दिसले. तो खडू घेऊन वाकला, मी बॅटरी धरली.