नकाशात गोदाम कुठंय?

बेगम बाजारात काखेत लांब काही घेऊन चालू नये, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याकडे आमच्या हस्तकला केंद्राच्या नकाशाची गुंडाळी होती. समोरून मिरचीच्या पोत्यांनी लादलेली हातगाडी आली, मी घाईनं कडेला झाले आणि गुंडाळीचं टोक एका दुकानापुढं रचलेल्या पितळी घागरींना लागलं. वरची घागर ठणठणत थेट गटारीपर्यंत गेली. दुकानातला पोरगा रागावला मात्र नाही. "लेव, बोहनी हो गई अम्मा," म्हणत त्यानं ती उचलली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. मिरचीच्या खकाण्यानं मी आणि नणंदबाई दोघी शिंकत होतो.

आता हा नकाशा कसला ते सांगते. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी सासऱ्यांच्या चुलत्यांचा वाडा बरीच वर्षं बंद पडून होता. वारसांनी तो गावाला दिला आणि तिथं आपल्या भागातल्या जुन्या कलांचं केंद्र काढावं असं ठरलं. बिदरी काम, कौदी शिवणं, गोंधळ्यांच्या कवड्यांच्या माळा, जमलं तर एखादा हातमाग. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे "टीचर, तुम्हीच बघा" म्हणून आराखड्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका देणगीदारांनी आर्किटेक्टही दिला. त्यानं केलेला नकाशा दिसायला देखणा होता. मोठी कमान, कारंजं, काचेच्या कपाटांचं दालन, दोनशे माणसांचं सभागृह. कारागिरांसाठी मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, 'प्रात्यक्षिक कक्ष' नावाच्या. कमानीवर देणगीदारांच्या वडिलांचं नाव येणार होतं आणि ते मात्र सगळ्यात आधी पक्कं झालं होतं.

मला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते बोटानं दाखवता येत नव्हतं. म्हटलं, आधी कच्च्या मालाचे भाव तरी काढू. आमच्याकडे कच्चा माल म्हटलं की हैदराबाद आणि हैदराबाद म्हटलं की बेगम बाजार. महात्मा गांधी बसस्थानकावर उतरायचं, अफजलगंज मागं टाकायचं, सिद्दी अंबर बाजारातून आत शिरायचं. आजोबा निजामाच्या अमदानीत यायचे, वडील यायचे, लग्नाच्या भांड्यांसाठी आईबरोबर मीही आले होते.

निजाम अली खानांच्या हमदा बेगमनं ही जमीन व्यापाऱ्यांना दिली म्हणून तिचं नाव बेगम बाजार, असं सांगतात. म्हणजे अठराव्या शतकातली गोष्ट. मुसी नदीपलीकडे चारमिनारचं जुनं शहर, अलीकडे हा बाजार. 1908 च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला तेव्हा दोन्ही काठांची दैना झाली, पण बाजार पुन्हा भरला. आपल्या लोकांना यात वेगळंच एक सुखदुःख आहे. माझं माहेर उदगीरचं, सासर भालकीकडचं. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत दोन्ही गावं एकाच बिदर जिल्ह्यात होती. मग राज्यांची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसुरात राहिले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. एका जिल्ह्याची तीन राज्यं झाली, पण खरेदीला तिघंही अजून इथंच येतात. भांड्याच्या दुकानात माझ्या डावीकडची बाई मराठीत भाव करत होती, उजवीकडची कन्नडमध्ये, आणि गल्ल्यावरचा माणूस दोघींना दखनीत एकच भाव सांगत होता.

कवड्या एका पूजासाहित्याच्या दुकानात मिळाल्या. तिथं आमची थोडी गंमत झाली. मी नणंदबाईंना म्हटलं, "आधी कवडी बघू, कौदीच्या कापडाचं नंतर." त्या म्हणाल्या, "वैनी, दोन्ही एकदम म्हणू नका, मला काही कळंना." कन्नडमध्ये कवडे म्हणजे कवडी आणि कौदी म्हणजे आपली वाकळ. आमच्या घरी या दोन शब्दांवरून लग्न झाल्यापासून घोटाळे होत आलेत. एकदा सासूबाईंनी कौदी उन्हात टाक म्हणून सांगितलं आणि मी देवघरातली कवड्यांची माळ अंगणात नेऊन ठेवली. नव्या सुनेचा तो पराक्रम अजूनही निघतो.

नवसागर घ्यायचा होता. लहानपणी कल्हईवाला दारात बसायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, तोच हा. बिदरीला तो शेवटी लागतो. बिदरी मुळात काळी नसते, हे आपल्याकडच्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं असं साधारण प्रमाण. वाळूच्या साच्यात ओतलेली वस्तू करड्या रंगाची निघते. ती कानशीनं घासतात, मोरचूद लावून तात्पुरती काळी करतात, म्हणजे त्यावर छिन्नीची रेघ दिसते. नक्षी कोरून झाली की त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची. मग पुन्हा घासायचं. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर एकत्र उकळून त्यात वस्तू बुडवली की जस्त काळंभोर होतं आणि चांदी मात्र तशीच पांढरी राहते. तेलाचा हात फिरवला की झालं. 2006 साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. पण किती पोरं हे काम शिकताहेत, हे विचारलं की लोक दुसरा विषय काढतात.

जस्त-तांब्याचे भाव काढायला एका जुन्या धातूच्या दुकानात बसलो. गादीवर सत्तरीच्या पुढचे एक शेठजी होते. चहा मागवला. माझी गुंडाळी बघून म्हणाले, "क्या हय ये?" मी नकाशा गादीवर पसरला, वजनं ठेवून चार कोपरे दाबले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. कमानीवरून बोट फिरवलं, कारंज्यावर थांबले, हसले. मग म्हणाले, "नक्शा तो अच्छा हय बाई, पन माल कां रखते?"

मी म्हटलं, हे दालन आहे की. तर म्हणाले, ते दाखवायच्या मालाचं झालं. कच्चा माल कुठं? तयार होऊन गिऱ्हाईकाची वाट बघणारा माल कुठं? गाडी कुठं लागणार? या कारंज्यात?

मग त्यांनी मला उठवून दुकान दाखवलं. रस्त्यावरून ते दहा फुटांचं दिसतं. आत गेलं की एकामागं एक खोल्या, शेवटी अंगण, अंगणात तराजू, पलीकडे दुसऱ्या गल्लीत उघडणारं दार. माल मागून येतो, पुढून जातो. पुढं बसणाऱ्या माणसाला मागचा काटा दिसावा म्हणून मधली सगळी दारं एका रेषेत. वर राहती जागा. कुठल्या आर्किटेक्टनं हे काढलं असेल असं वाटत नाही. व्यवहारानं भिंती सरकवत सरकवत ते तसं झालंय. मी वहीत तिथल्या तिथं रेघोट्या मारून घेतल्या. शेठजी म्हणाले, कारागीर त्यांच्याकडे धातूसाठी येत असे तो नुसत्या धातूसाठी नव्हे, उधारीसाठी. माल विकल्यावर पैसे. "तुम उधार देते क्या?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघताना काट्यापाशी उभा असलेला, कानाला पेन्सिल लावलेला एक तरुण पुढं आला आणि वाकून नमस्कार केला. "टीचर, वळखलं नाही?" आवाजावरून ओळखलं. माझ्याच वर्गातला. आठवीत असताना त्यानं खडूवर मोर कोरला होता, तो मी कितीतरी वर्षं कपाटात जपून ठेवला होता. त्याचे वडील बिदरी काम करायचे. त्यानंही दहा वर्षं केलं. आता इथं माल मोजून घ्यायचं काम करतो. डाव्या अंगठ्यावर छिन्नीचा जुना व्रण तसाच होता.

आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. तो मराठीत बोलत होता, मधे कन्नड, मालकाकडे बघून दखनी. मी त्याला केंद्राबद्दल उत्साहानं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "शनिवारी किती देणार, टीचर?"

मी गप्प झाले. त्यानंच पुढं समजावलं, जणू मीच आठवीत होते. इथं दर महिन्याला अठरा हजार येतात, पाऊस असो की सण असो. बिदरीच्या एका सुरईला पंधरा दिवस जायचे, विकली तर पैसे. तार स्वतःच्या पैशानं आणायची. 2025 मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्याही पुढे गेली. घरात म्हातारी आई, दोन पोरी. "प्रात्यक्षिक म्हंजे काय टीचर? पावणे आले की बसून ठोकून दाखवायचं, गेले की उठायचं. ते काम नव्हं, तमाशा हाय." मला राग आला, कारण ते खरं होतं आणि तो शब्द माझ्याच नकाशात मोठ्या अक्षरात लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून सालारजंग संग्रहालयात गेलो. तिथल्या बिदरी हुक्क्यांसमोर नणंदबाई म्हणाल्या, "हुक्का ओढणारेच राहिले नाहीत, तर करणारे कुठून राहतील?" दुपारी माधापूरचं शिल्पारामम बघितलं. 1992 साली आखलेलं मोठं शिल्पग्राम, झाडी, दुकानांच्या रांगा. गर्दी चांगली होती. मला तिथली सावली आवडली. पण तिथं मुख्यतः विक्री चालते आणि आमचा प्रश्न त्याच्या आधीचा होता.

मला आठवत राहिल्या त्या सुरैया हसन बोस. 2009 मध्ये शाळेच्या सहलीच्या निमित्तानं हैदराबादला आले होते तेव्हा त्यांचा रायदुर्गाजवळचा मागशाळेचा परिसर बघितला होता. हिमरू, मशरू, पैठणी ही निजामी मुलखातली विणकामं त्यांनी जिवंत ठेवली. मागावर बसणाऱ्या बहुतेक विधवा बाया. शेजारीच त्यांनी काढलेली शाळा, तिथं विणकरणींची मुलं शिकत. तिथं ना कमान होती ना कारंजं. हिमरूच्या मागाला वर नक्षीच्या दोऱ्यांचा जाळा असतो, तो ओढायला दुसरं माणूस लागतं, म्हणून छप्पर उंच. मशरूची गंमत अशी की बाहेरून रेशीम आणि अंगाला लागतं ते सूत. बाई 2021 मध्ये गेल्या. बाईला मूल शेजारच्या वर्गात आहे याची खात्री असली की ती मागावर निवांत बसते, हे त्या जागेच्या मांडणीतच होतं. तेव्हा मी ते बघूनही बघितलं नव्हतं. कापडच बघत बसले होते.

आपल्या बाजूला कुडाळजवळ पिंगुळीलाही असंच आहे. परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय गुरांच्या गोठ्यात थाटलं. 2021 ची पद्मश्री त्यांना मिळाली ती नंतर. आणि कोल्हापुरी चपलेचं बघा. 2019 साली तिला मानांकन मिळालं ते चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकाचे मिळून. चामड्याला सीमा कुठली ठाऊक! ही चांगलीच गोष्ट झाली, पण कागद मिळाला म्हणून शिवणाऱ्याच्या हातात आपोआप जास्त पैसे पडत नाहीत.

रात्री नणंदबाईंच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून मी नकाशाच्या पाठीमागे दुसरा नकाशा काढला. आधी शिशाच्या पेन्सिलीनं कामं लिहिली, मग त्याभोवती भिंती. ओतकामाची भट्टी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धूर कौदीवाल्यांकडे जाता कामा नये. कोरणाऱ्याला उत्तरेचा उजेड, खिडकी जमिनीपासून हातभर, कारण तो खाली बसतो, खुर्चीवर नाही. नवसागराचं पाणी विहिरीकडे वाहू नये म्हणून वेगळी मोरी. कौदीला मोठी मोकळी पडवी. कौदी एकटीनं शिवायची वस्तू नव्हे, चौघी चार कडांना बसल्या की बोलत बोलत टाके मध्यापर्यंत येतात. शेजारी पाळण्यासाठी कड्या. आणि वाड्याचं मागचं दार, जे आर्किटेक्टनं बुजवलं होतं, ते उघडलं. त्याला लागून गोदाम, काटा आणि चांदीच्या तारेसाठी लोखंडी पेटी. तार केंद्रानं वजन करून द्यायची, वस्तू आली की वजन करून घ्यायची, मजुरी दर शनिवारी. सभागृहाचे पैसे या पेटीत घालायचे. नणंदबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "आणि कमान?" मी म्हटलं, कमान राहू दे, नाहीतर पैसेच येणार नाहीत.

गावात बैठक झाली ती सरळ झाली नाही. सभागृह गेलं म्हणून दोघे उठून गेले. एकांनी विचारलं की मंत्री आले तर बसवायचं कुठं. देणगीदार बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, दोन वर्षांच्या मजुरीएवढे पैसे बाजूला ठेवू, पुढचं पुढं. कारंजं मात्र हवंच. मी कारंज्यावर सही केली. पुढचं पुढं म्हणजे काय, ते माझ्या पोटात अजून गोळा बनून बसलंय.

त्या रात्री बेगम बाजारात फोन लावला. दुकान बंद व्हायची वेळ होती, मागं शटर ओढल्याचा आवाज येत होता. आकडा सांगितला. अठरा हजारांपेक्षा तो कमी होता, थोडा. तो काही वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, दिवाळीला पंधरा दिवस सुट्टी घेऊन येतो, बघतो, कबूल काही करत नाही. फोन ठेवता ठेवता थांबला.

"टीचर, खिडकी कुठल्या बाजूला ठेवली?"

"उत्तरेला."

"जमिनीपासून?"

"हातभर."

"अजून चार बोटं खाली घ्या," तो म्हणाला.