माहेरच्या नावाचं स्टेशन

मामेभावाचा फोन आला तो रात्री उशिरा. "दादा, घर पाडून राहिलो. लाकडं पाह्यजे असन तं सांगजो." एवढंच. सागाच्या मयाली आहेत, एक दाराची चौकट आहे, कवेलू हजारभर निघतील, पण ते आता कोणी घेत नाही. स्लॅबचं घर होणार. त्याचं बरोबरच आहे. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही आणि माकडं वर उड्या मारून पुन्हा सगळं विस्कटतात. मी म्हटलं, मी येतो. लाकडं नेऊन पुण्याच्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आई जाऊन तीन वर्षं झाली. त्या घरात मी त्याआधीही आठ वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं.

पुण्याहून नागपूरकडे निघालेली गाडी बडनेरा, चांदूर, धामणगाव मागे टाकते आणि पहाटेच्या सुमारास डब्याचा आवाज एकदम पोकळ होतो. खाली वर्धा नदी असते. पूल संपला की पुलगाव. या पुलावरूनच गावाला नाव पडलं असं लोक सांगतात. मी दर वेळी या आवाजाला जागा होतो. वर्धा शहर इथून अजून तीसेक किलोमीटर पुढे आहे आणि त्या शहराजवळून ही नदी वाहत नाही. मग शहराला हे नाव कसं, हा प्रश्न मुलं पाचवी-सहावीत गेली की विचारतातच. मी आईला विचारला होता. ती म्हणाली, "सासरी गेल्यावर नाव बदलते, तसंच असन काही."

तिने सहज म्हटलं होतं. पुढे जिल्ह्याचा जुना इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की खरोखर तसंच झालं होतं. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढून हा जिल्हा केला, तेव्हा त्याचं मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. चार वर्षं कवठा हे जिल्ह्याचं गाव होतं. मग १८६६ मध्ये साहेबांनी ठाणं उचललं आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर सरळ रस्ते आखून नवं शहर वसवलं. त्याला नाव दिलं दूरच्या नदीचं. रेल्वे त्या बाजूने नागपूरकडे चालली होती. ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पालकवाडीची घरं गेली, वाटा गेल्या, शेवटी नावही गेलं. आज वर्ध्याच्या भर बाजारात उभं राहून पालकवाडी कुठे म्हणून विचारलं, तर रिक्षावाला नवीन लेआउट असेल समजून दोन चौक पुढे नेईल.

वर्धा म्हटलं की लोकांना सेवाग्राम आठवतं, पवनार आठवतं. आठवावंच. पण त्यावर लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचं आहे ते पालकवाडीबद्दल, कवठ्याबद्दल, आणि पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीबद्दल. कारण माझ्या मनात ही तिन्ही नावं आईच्या एका नावाला जोडली गेली आहेत.

आईचं लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून, अंगठीने त्यात नवं नाव लिहून. आमच्या घरी सगळे तिला त्या नव्या नावाने ओळखायचे. रेशनकार्डावर तेच, मतदारयादीत तेच, दवाखान्याच्या केसपेपरवर तेच. तिचं पहिलं नाव जगात एकाच ठिकाणी चालायचं, तिच्या माहेरी, रोहण्याला. ते मी इथे लिहीत नाही. ते तिथलं आहे.

आणि रोहण्याला ती जायची या गाडीने.

पुलगाव ते आर्वी, पस्तीस किलोमीटर. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, हा मार्ग सुरू झाला. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार मुंबईच्या किलिक निक्सनकडे, आणि गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला याच घरची. आमच्याकडेही काही जण हिला शकुंतलाच म्हणत. पण माझी आजी नुसतं 'लहान गाडी' म्हणायची. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. मोठ्या लाइनचं साडेपाच. पुलगावला मोठ्या गाडीतून उतरून लहान गाडीकडे जाताना मला नेहमी वाटायचं, की मोठ्या माणसांच्या पंगतीतून उठून आपण पोरांच्या पंगतीत आलो.

रूळ टाकले होते कापसासाठी. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे आमच्या काळ्या मातीकडे वळले. लिव्हरपूलच्या बाजारभावात हिंगणघाट हे नाव कापसाची एक जात म्हणून छापून येत असे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या जिल्ह्यात पूल झाले, रेल्वे आली, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले ते बोटींच्या ओढीने. आर्वीकडचा कापूस आधी बंड्यांमधून पुलगावच्या बाजारात यायचा, नंतर या गाडीने आला. आईने समुद्र पाहिला तो वयाच्या पन्नाशीत, माझ्यासोबत, मुंबईला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "बाबाचा कापूस इथंच येत होता का रे?" मी हो म्हटलं. ती पुढे होऊन पाण्यात उभी राहिली आणि निघू म्हटलं तरी निघेना.

पण गाडी कापसासाठी टाकली म्हणून तिने कापूसच वाहिला असं नाही. सोरटा, विरूळ, रोहणा... या नावांवर बायका चढायच्या आणि उतरायच्या. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं, पिशवीत सांडगे, बोरकूट, पायलीभर तुरीची डाळ. श्रावणात आणि दिवाळीनंतर डब्यात पुरुष शोधावे लागायचे. जाताना सगळ्या बोलत असायच्या, येताना खिडकीबाहेर बघत असायच्या. मला सहाव्या-सातव्या वर्षीही हा फरक कळत होता.

एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. उन्हाळा होता. आम्ही परत निघालो होतो, आजोबांनी बंडीतून रोहण्याच्या स्टेशनात आणून सोडलं होतं, आणि गाडी आर्वीहून यायचीच होती. तासभर झाला, दीड तास झाला. ऊन उतरलं. आईच्या बालपणीच्या दोन मैत्रिणी तिला पोचवायला आल्या होत्या, त्या घरी जायला तयार नव्हत्या. तिघी निंबाखाली चपला काढून बसल्या. एकीने पदराच्या गाठीतून भाजलेले चिंचोके काढले. मी रुळावर कान लावून पडलो होतो, कारण गाडी येत असली की रूळ बोलतात असं मला कोणी सांगितलं होतं. रूळ गरम होता आणि त्यात काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं ते आईचं हसणं. आमच्या घरी ती तोंडावर पदर धरून हसायची. इथे ती मान मागे टाकून हसत होती, आणि मैत्रिणी तिला त्या जुन्या नावाने हाक मारून म्हणत होत्या, "तू काई बदलली नाई वं." मी उठून बघितलं. मला ती क्षणभर ओळखू आली नाही. माझ्या आईच्या जागी एक मुलगी बसली होती, दातांत चिंचोका फोडत.

मग रूळ बोलले. दूर धूर दिसला. तिने उठून लुगड्याची धूळ झटकली, पदर नीट केला, आणि डब्यात पाय ठेवेपर्यंत ती पुन्हा आमची झाली होती. "इकडं बस. तिकडून डोळ्यात कोळसा जाईन," असं म्हणून तिने मला आतल्या बाजूला ओढलं. मैत्रिणी गाडीबरोबर चालत राहिल्या. ती गाडी अशी होती, की तिच्याबरोबर चालता यायचं.

नव्वदच्या दशकात ती बंद झाली. परवडत नव्हती, सावकाश होती, बाजूने डांबरी रस्ता होता, एसटी होती, नंतर काळीपिवळी आली. सगळ्यांनी म्हटलं, सोय झाली. माझे वडीलही म्हणाले, "आता तं अर्ध्या वेळात जाशीन." या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कारण आईला बस लागायची. थोडीथोडकी नाही. बस फाट्यावरून वळली की तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि उतरेपर्यंत ओकाऱ्या थांबत नसत. आल्याचा तुकडा, लिंबू, वर्तमानपत्राचा कागद पोटाशी, सगळं करून झालं. लहान गाडीत तिला कधी काही झालं नाही. ती हळू चालायची आणि खिडक्यांतून वारा यायचा, म्हणून असेल. पण घरात हे कोणी कारण म्हणून धरलंच नाही. बाईच्या ओकारीला वेळापत्रकात रकाना नसतो. वर्षातून तीनदा जाणारी आई दोन वर्षांतून एकदा जाऊ लागली, मग लग्न-मरणालाच. मामा न्यायला यायचे ते थांबले. मीही पुढे नोकरीच्या गावी गेलो.

आजी वारली तेव्हा सकाळी निरोप आला. आई बसने गेली, मी सोबत होतो. विरूळच्या पुढे तिच्यात बसायचंही त्राण नव्हतं. उतरली तेव्हा लुगडं खराब झालेलं. त्या अवस्थेत ती आईसमोर जायला तयार होईना. विहिरीवर गेली, दोर ओढून पाणी काढलं, पदर धुतला, तोंड धुतलं, पिळून तोच पदर पुन्हा घेतला. तेवढ्या वेळात तिरडी उचलली होती. ती ओल्या पदराने सपरीत उभी राहिली. कोणीतरी आतून तिला जुन्या नावाने हाक मारली. त्या नावाने मारलेली ती मी ऐकलेली शेवटची हाक.

या वेळी मामेभावाकडे जाण्याआधी मी कवठ्याला गेलो. एकेकाळी इथे जिल्ह्याचा कारभार होता हे सांगणारं काही दिसतं का पाहावं म्हणून. मला तसं काही सापडलं नाही. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर एक जण म्हणाला, "आमच्या आज्याले ठाऊक असतं." त्याने चहा पाजला, वांगी दिली. चार वर्षांचं मोठेपण गेल्याचं त्या गावाला दुःख दिसलं नाही. दुःख मलाच होत होतं, आणि ते कवठ्याचं नव्हतं.

जुन्या गॅझेटिअरमध्ये आर्वीचंही असंच एक विसरलेलं नाव आहे, आर्वी तेलंगराव. गाव वसवणारा तेलंगराव वली. हिंदू म्हणत तो ब्राह्मण, मुसलमान म्हणत तो मुसलमान, आणि त्याच्या समाधीवर माथा दोघंही टेकवत. मला हे फार आवडतं. एका माणसाला दोन घरांनी आपलं म्हणावं आणि कोणी कोणाचं नाव पुसू नये, असं आमच्याच जिल्ह्यात घडून गेलं आहे. पालकवाडीच्या वाट्याला ते आलं नाही, आईच्याही नाही.

घर अर्धं उतरलं होतं. मयाली अंगणात ओळीने मांडलेल्या, खिळे काढलेल्या. कवेलूंचा ढीग. माजघराची भिंत उभी होती आणि तिच्यावर, माझ्या छातीच्या उंचीवर, एक खुंटी. आल्या आल्या आई तिची पिशवी त्या खुंटीला अडकवायची. पिशवी अडकली की ती घरी आली. मामेभाऊ म्हणाला, "चौकट नेतो का दादा? ट्रान्स्पोर्टनं पाठवतो." मी खुंटी मागितली. त्याने गड्याकडून सब्बल घेतली आणि स्वतः काढून दिली. वीतभर सागाचं लाकूड, भिंतीतली बाजू मातीने पांढरी, बाहेरची तेलकट काळी.

जेवण झाल्यावर मी रुळांच्या वाटेने चालत निघालो. वाट म्हणजे आता बाभळी आणि रानतुळस. पण भराव कळतो. शेताच्या पातळीहून तो वर आहे आणि वळणं अशी सावकाश घेतो की बैलगाडीची वाट तशी कधी वळत नाही. थोडं पुढे नाल्यावर दगडी मोरी आहे. गाडी इथे आली की आई मला खिडकीशी उभं करायची. "नाला आला. आता माय दिसते." आणि खरंच दोन मिनिटांत स्टेशन यायचं, निंब दिसायचा, निंबाखाली आजी.

मी मोरीवर बसलो. खाली पाणी नव्हतं, वाळूत कोणाच्या तरी शेळ्यांच्या खुरांचे ठसे होते. खुंटी मांडीवर होती. फोन वाजला. मामेभाऊ विचारत होता, "अंधार पडते दादा. गाडी घेऊन येऊ का?"

"नको," मी म्हटलं. "चालत येतो. इथून जवळच आहे."