दप्तरात सापडलेला असोद्याचा शेतकरी

जळगाव जिल्ह्यातल्या असोद्यासारख्या गावातल्या साध्या शेतकऱ्याचे आयुष्य कागदावर उरते ते बहुतेक जमिनीमुळे. त्याने पत्रे लिहिलेली नसतात, पण सारा भरलेला असतो, भावाभावांत वाटणी झालेली असते, एखादे शेत गहाण पडलेले असते. प्रस्तुत लेखकाने आपल्या पणजोबांचा माग याच वाटेने काढला.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करावी लागते. त्यावरचा गट क्रमांक जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा असतो. एकत्रीकरण योजनेच्या नऊ-तीन, नऊ-चारच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर कळतो. मग गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार, एकेक करून मागे वाचत जायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 मध्ये झाला, त्यामुळे फेरफारांची साखळी त्यामागे जात नाही. खानदेश जिल्हा 1906 मध्ये विभागला गेला. त्यानंतरच्या कागदांवर असोदे ‘पूर्व खानदेश’ जिल्ह्यात दिसते. हे माहीत नसलेला माणूस भलत्याच बस्त्यात शोधत बसतो. बरेच जुने कागद मोडी लिपीत असल्याने वाचणारा जाणकार सोबत हवा.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा पाहतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. मृत्यूच्या नोंदीत मात्र कारण असते: ताप, पटकी, प्लेग. संवत छपन्नच्या दुष्काळाच्या (1899-1900) आणि प्लेगच्या काळातली अशी पाने वाचताना एकाच घरची नावे पाठोपाठ येऊ लागली की हात थबकतो. पणजोबा कशातून निघाले, हे सातबाऱ्यापेक्षा या पानांनी अधिक सांगितले.

शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख, जन्मगाव आणि शाळा सोडल्याचे कारण मिळते. तारीख 1 जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. तिच्यावर वय बेतू नये. यापलीकडची पिढी हवी तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा वंशावळ राखणाऱ्या भाटांच्या पोथ्या धुंडाळाव्यात. यात्रेला गेलेल्यांनी सांगितलेली नावे तिथे गाववार, घराणेवार लिहिलेली असतात.

सर्वांत अवघड शोध बायकांचा. लग्नानंतर नाव बदलते, गाव बदलते. माहेरच्या दप्तरातून बाई नाहीशी होते आणि सासरच्या दप्तरात उगवते ती बहुधा नवरा वारल्यावर, वारसाच्या फेरफारात, ‘विधवा’ म्हणून. पणजीचे नाव अशाच एका नोंदीत सापडले, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

याच असोद्यातल्या उखाजी महाजनांच्या घरी 1880 मध्ये कवयित्री बहिणाबाई जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि बहिणाबाई गेल्यावर, 1952 मध्ये, त्या पुस्तकरूपाने आल्या. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. कोणी टिपले नसते, तर दप्तरात त्यांच्याही वाट्याला एखाददुसरी ओळच आली असती.

म्हणून पत्र्याच्या पेटीतल्या साऱ्याच्या पावत्या, खरेदीखते, लग्नपत्रिका टाकून देऊ नयेत. घरातल्या वयोवृद्धांना आज्या-पणज्यांची माहेरची नावे आणि गावे विचारून आजच वहीत लिहून ठेवावीत. ती बहुधा कोणत्याही सरकारी नमुन्यात मिळणार नाहीत.