मुसके

ट्रॉम्बोन वाजविणारा मनुष्य शेजाऱ्यांना प्रिय होणे ही जवळजवळ अशक्य कोटीतली गोष्ट आहे. सतारीचा नाद असलेला गृहस्थ रसिक ठरतो. बासरीवाला तर कविमनाचा समजला जातो. पण लग्नाच्या बँडमध्ये पुढे-मागे सरकणारी ती लांबलचक पितळी नळी कोणी हौसेने घरात आणली, तर लोक त्याच्या डोक्याविषयीच शंका घेऊ लागतात. मी ती गेली ११ वर्षे मुंबईतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वाजवीत आहे, आणि अद्याप कोणाशीही माझे भांडण झालेले नाही. याचे सारे श्रेय एका बुचाला आहे.

वाद्याच्या कर्ण्यात बसणारे हे बूच खास रियाजासाठी असते. वाद्यवृंदात वापरतात ते निराळे. त्याच्या कडेने फट राहते, कारण तेथे स्वराचा केवळ रंग पालटावयाचा असतो. रियाजाच्या बुचाला रंगाशी काही कर्तव्य नाही. ते कर्ण्याचे तोंड चहूबाजूंनी बंद करते आणि श्वासापुरती बारीकशी वाट मोकळी ठेवते. मग नऊ फूट लांबीच्या नळीतली गर्जना कुंभारमाशीच्या गुणगुणीएवढी होऊन बाहेर पडते.

माझे गुरू गोवेकर. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या ज्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले, त्यांच्याच परंपरेतले. धोबीतलावाच्या बाजूला गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालविलेल्या ‘कूड’ नावाच्या खोल्या असत. एका खोलीत अनेकांचे बिऱ्हाड! तेथे राहून वाजवावयाचे म्हणजे दुसऱ्याची झोप सांभाळणे आलेच. तरीही गुरू मला बजावीत, ‘बूच लाव, पण बुचाचा होऊन राहू नकोस.’ बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. तिच्यात पहिले तीन भाग ट्रॉम्बोनवाले मुकाट बसून असतात आणि चौथा भाग सुरू होताच त्यांचा स्वर उसळून वर येतो, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. गप्प राहणे या वाद्याला ठाऊक आहे. मात्र त्यालाही चौथा भाग यावा लागतो, हा त्यांचा इशारा मी पुष्कळ दिवस केवळ मौजेचा म्हणून ऐकला.

दिवा-रोहा मार्गावर नागोठणे मागे पडले, की रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक येते. तेथील आमच्या जुन्या घरात माझी ८४ वर्षांची आई राहते. गेल्या हिवाळ्यात मी वाद्य घेऊन तिच्याकडे गेलो, आणि सवयीने कर्ण्यात बूच बसवून ओटीवर रियाजाला बसलो. शेजारचे आजोबा जवळ आले. त्यांनी ते बूच नीट न्याहाळले.

‘भाऊ, याला मुसकं कशाला बांधलंत? मळणीत बैलाला बांधायचो ते दाणे खाऊ नयेत म्हणून. हे काय खातं?’

‘लोकांची झोप,’ मी म्हणालो.

त्यांनी समोरच्या कापणी झालेल्या भातखाचरांकडे पाहिले, आणि काही न बोलता ते हसत निघून गेले.

मला त्यात विनोदच वाटला असता. पण दारात आई उभी होती. ती म्हणाली, ‘तू वाजवतोस हे सगळे सांगतात. मी मघापासून बघत्येय. तुझे गाल फुगतायत, हात हलतोय, आणि मला काहीच ऐकू येत नाही. मला वाटलं, उरलेसुरले कानही गेले.’

ते ऐकून माझे ओठ वाद्यावरून निघाले. कोणालाही त्रास नको म्हणून बाळगलेल्या माझ्या सभ्यतेने माझ्याच आईला पुरते बहिरे करून सोडले होते!

मी बूच उपटून काढले. वार्धक्यात कानांतून तार स्वर आधी मावळतात; मंद्र स्वर मागाहून जातात. ट्रॉम्बोनचे खालचे स्वर तिला नक्की पोचतील असा मला भरवसा होता. मी छाती भरून एक दीर्घ स्वर लाविला. तो माझा मलाच इतका अनोळखी वाटला, की मी दचकलो. आईचा चेहरा मात्र उजळला. क्षणभर तिने डोळे मिटले, आणि मग हलकेच म्हणाली, ‘उतरतोय रे.’

तिचे खरे होते. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला सतारीसारखे पडदे नसतात. तिच्यावरच्या सातही जागा कानानेच शोधावयाच्या. बुचाने स्वर किंचित चढतो. म्हणून हात नकळत नळी थोडी अधिक बाहेर काढावयास शिकतो. मग बूच निघाले की तोच शिकविलेला हात स्वर उतरवितो. ११ वर्षे मी मन लावून जे सुरेल केले, ते बुचापुरते सुरेल होते. शेजारी सुखी होते. चूक दाखविणारे मात्र कोणी उरले नव्हते.

मुंबईत मी आजही बूच लावितो. खालच्या मजल्यावर तान्हे मूल आहे. त्याच्या झोपेपुढे माझ्या कलेची मातब्बरी ती काय! परंतु महिन्यातून एक रविवार मी निडीला जातो. वडिलांची जुनी पेटी आई पुढे ओढते, एक पट्टी दाबून धरते आणि मान तिरपी करून ऐकते.

‘अजून थोडा चढव,’ ती म्हणते.

मी नळी बोटभर आत घेतो.