बिनविजेचा फ्रीज

काटकसर हा आमच्या घराण्यातला जुना आजार. ऐन मे महिन्यात, चिखलीच्या उन्हात फ्रीज बंद पडला, तेव्हा मी सौ.ला ठणकावलं, "मेकॅनिक नको, नवा फ्रीज मीच करतो!"

मोठ्या माठात लहान माठ, मध्ये ओली वाळू, वर ओलं गोणपाट. कोरड्या हवेत पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांना याच युक्तीसाठी २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला सौ.चा कटाक्ष मिळाला.

चौथ्या दिवशीही कोथिंबीर टवटवीत! वाचलेली वीज मी वहीत जमेला मांडली.

"आणि वाळूवर ओतलेलं पाणी?" हिनं विचारलं.

नळ आठ दिवसांनी. विहिरीवरून बादल्या मीच आणत होतो. ते नावे टाकलं आणि हिशेब जुळला. कोथिंबीर ताजी राहिली, सुकलो मी!