जॅझचा वर्ग आणि सप्ताहातली पेटी

जॅझ शिकवून येत नाही, तो अंगातच असावा लागतो, असं म्हणणारे बोस्टनमध्येही भेटतात. आमच्या घनसावंगीत भजनातल्या पेटीवाल्याबद्दल लोक हेच म्हणतात: "त्याच्या हातातच आहे ते." नोकरी सांभाळून मी इथे बोस्टनमध्ये संध्याकाळी जॅझच्या वर्गाला जातो आणि आता खात्रीनं सांगतो, की हे मत दोन्हीकडे चुकीचं आहे. ऐनवेळी सुचणं शिकवता येतं. शिकवणारा कोण, हा खरा प्रश्न आहे.

वर्गात पहिल्यांदा ऐनवेळी सुचेल ते वाजवायला कुणी सांगतच नाही. आधी पाठांतर. एखाद्या जुन्या वादकानं रेकॉर्डवर वाजवलेला तुकडा ऐकायचा, गळ्यानं म्हणायचा, मग पियानोवर काढायचा. कागद नंतर. तोच तुकडा पुढे बाराही सुरांवरून वाजवायचा. मग येतो ब्लूज: चार-चार मात्रांची बारा घरं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. ते फिरत राहतं आणि वाजवणाऱ्यानं त्यात आपलं म्हणणं मांडायचं. कितीही लांब गेलं तरी समेचं भान सुटता कामा नये. बाकीचे मागून स्वरांचा आधार देत असतात आणि त्यांचे कान सतत वाजवणाऱ्याकडे असतात.

सप्ताहातलं कीर्तन ज्यानं ऐकलंय त्याला हे नवीन नाही. बुवांनी प्रमाण दिलं की गायक चाल उचलतो. ती चाल कोणत्या रागात, कुठल्या अंगानं येणार हे आधी ठरलेलं नसतं. पेटीवाला दुसऱ्याच सुराला ती ओळखतो, टाळकरी झील धरतात, मृदंगवाला थांबून जागा पाहतो आणि नेमका ठेक्यात उतरतो. हे सगळं काही क्षणांत होतं. त्यामागे काकड्यापासून हरिपाठापर्यंत वर्षानुवर्षं ऐकलेल्या शेकडो चाली असतात. आमच्या तालुक्यात, समर्थ रामदासांच्या जांबेपासून गोदाकाठच्या गावांपर्यंत, ही शाळा फळा-खडूशिवाय चालत आली आहे.

फरकही मोठा आहे, आणि तो मला जॅझवादक माइल्स डेव्हिसनं शिकवला. 1959 सालच्या त्याच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीत 'सो व्हॉट' नावाची रचना आहे. बत्तीस घरांचं आवर्तन. पहिल्या सोळा घरांत जी स्वरपंक्ती आहे तिला इथे डोरियन म्हणतात. आपल्याकडे तो काफी थाट. पुढची आठ घरं सगळं अर्ध्या सुरानं वर सरकतं आणि शेवटच्या आठ घरांत परत खाली येतं. गावी आमचे चुलते, अण्णा, सप्ताहात पेटी वाजवतात. त्यांना ही रचना फोनवर ऐकवली. ते म्हणाले, "अरे, पांढरी दोनवरून काळी दोनवर गेले की हे! काफीच आहे." आमच्या प्राध्यापकांना जे सांगायला फळा भरून लिहावं लागलं, ते अण्णांनी एका ओळीत सांगितलं. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा इथल्या वर्गात वेगळ्या नावांनी भेटतात: कल्याण म्हणजे लिडियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन. पण आपला षड्ज तानपुऱ्यात पक्का बसलेला असतो. इथे तो मध्येच हलतो आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही हलावं लागतं. मला सर्वांत जास्त मेहनत तिथेच घ्यावी लागते.

ही विद्या विद्यापीठात सहज आली नाही. अमेरिकेतल्या अनेक संगीतशाळांनी जॅझला बराच काळ दाराबाहेर ठेवलं होतं. 1947 मध्ये नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयानं या विषयाची पदवी सुरू केली, तीही 'डान्स बँड' या नावाखाली. बोस्टनमध्ये बर्कली हे संगीत महाविद्यालय 1945 मध्ये सुरू झालं, तर न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत जॅझचा विभाग यायला 1969 उजाडलं. तो सुरू करताना गुंथर शुलर यांनी मोलाचं काम केलं: जॅकी बायर्ड, जॉर्ज रसेल अशा वाजवणाऱ्यांनाच शिकवायला बसवलं. पुढच्या काही वर्षांत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ढोलवादक मॅक्स रोच आणि सॅक्सोफोनवाले आर्ची शेप प्राध्यापक झाले. ज्यांनी ही कला रात्री-बेरात्री क्लबांत घडवली, तेच वर्गात आले. म्हणून वर्गातही तिचा जीव टिकला. आजही बर्कलीचे विद्यार्थी जवळच्या 'वॉलीज'मध्ये वाजवायला जातात. बार्बाडोसहून आलेल्या जोसेफ वॉलकॉट यांनी 1947 मध्ये उघडलेली ही छोटीशी जागा. वर्गातला धडा तिथे लोकांसमोर तपासला जातो.

आपल्याकडे वाजवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी 1951 च्या 'अलबेला' चित्रपटासाठी गोव्याच्या हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांना सोबत घेतलं, आणि जॅझचा झोत थेट गावागावांतल्या तंबू-टॉकीजपर्यंत पोचला. त्या गोवेकर वादकांच्या बोटांत जे ज्ञान होतं, त्यातलं फार थोडं कुणी टिपून ठेवलं.

तेच आता सप्ताहातल्या वादकांचं होऊ नये. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनीही एवढं तरी करावं. तालुक्यातल्या जाणत्या पेटीवाल्यांना, मृदंगवाल्यांना मानधन देऊन वर्गात बोलवा. त्यांना पदवी विचारू नका. त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित करा, कोणती चाल कुणाकडून आली ते लिहून ठेवा, आणि मुलांना ती आधी कानानं, मग कागदावरून शिकू द्या. गावाकडच्या वाचकांना माझी विनंती आहे: या वर्षीच्या सप्ताहात फोन काढाल तेव्हा महाराजांबरोबर पेटीवाल्याचा हातही टिपा, आणि कीर्तन संपल्यावर त्याच्याजवळ बसून त्याला विचारा, ही चाल तुम्ही कुणाकडून घेतली?