बी.एससी. करून काय मिळालं?

जबलपूरच्या विजय नगरात मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. मुलाचं जेईईत जमलं नाही की पालक विचारतात, ‘‘मॅडम, बीएससी करके होगा क्या?’’ माझ्या वेळी हाच प्रश्न घरी मराठीतून विचारला गेला होता. आईने तेव्हा जयंत नारळीकरांचं नाव पुढे केलं. तेही आमच्यासारखे महाराष्ट्राबाहेर वाढलेले, १९५७ साली काशीतून बी.एससी. झालेले. ते पुढे केंब्रिजला गेले. आमच्या वर्गातलं कुणी गेलं नाही.

आमचं खरं शिक्षण प्रॅक्टिकलला झालं. लंबकाच्या प्रयोगात पंखा बंद ठेवावा लागे, आणि जबलपूरच्या उन्हाळ्यात ती शिक्षाच. एकच आंदोलन मोजून का भागत नाही, हे तिथे कळलं. स्टॉपवॉच दाबताना हात थोडा मागेपुढे होतोच. वीस आंदोलनांचा वेळ घेऊन त्याला विसाने भागलं की ती चूकही विसाने भागली जाते. काही जण गुरुत्व त्वरणाचं ९.८ हे उत्तर आधी धरून उलटी निरीक्षणं लिहीत. सर वही उघडताच ओळखत. खरे आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. तेव्हापासून कुठलाही आकडा समोर आला की मनात येतं, हा कसा मोजला आणि किती चुकला असेल?

मागे इन्व्हर्टर घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, आठ तास आरामात चालेल. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची. म्हणजे १,८०० वॉट-तास. घरचा लोड ४०० वॉट. मधली गळती धरली तर जेमतेम साडेतीन तास. हे तिथेच बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं. दुकानदाराने चहा मागवला, भाव मात्र कमी केला नाही.

क्वांटमची गणितं सोडवता आली. कळली किती, ते विचारू नका. नुसत्या पदवीवर नोकरीही मिळाली नाही. मला बी.एड. करावं लागलं, बरोबरीचे कुणी बँकेच्या परीक्षांना बसले, कुणी कोडिंग शिकले. तीन वर्षांनी लगेच पगार हवा असेल, तर ही वाट धरू नये, असं मी पालकांना सरळ सांगते.

मुलाला विषयाची ओढ असेल, तर प्रवेशाआधी एकदा कॉलेजची प्रयोगशाळा बघून या. उपकरणं मुलांच्या हातात दिसतात की कुलपात, तेवढं पाहा आणि मग फी भरा.